घाट, घडण आणि गोष्ट
(वार्षिक स्मृतिव्याख्यान, इंदूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, माळव्याचा इतिहास, होळकरांचा राज्यकारभार, संगीत अशा विषयांवर जाणकारांची भाषणे झाली. यंदा माजी विद्यार्थी संघाने वेगळाच विषय पुढे ठेवला. डिझाइन आणि मोटारगाड्या यांवर लिहिणाऱ्या पत्रकाराकडे एखादी गोष्ट घेऊन जायची, तर ती कशी न्यावी, असा तो विषय आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाचा याच्याशी संबंध काय, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मला मोटार चालवता येत नाही. मोटारीचे जे काही ज्ञान मला आहे, ते मागच्या आसनावर बसून मिळवलेले आहे. तरीही मी हा विषय स्वीकारला, कारण प्रश्न मुळात मोटारीचा नसून गोष्ट सांगण्याचा आहे. आणि गोष्ट कशी सांगावी, या एका प्रश्नाभोवती माझे अध्यापनाचे सारे आयुष्य गेले.

विषयामागची तक्रार मला ठाऊक आहे. आपल्या शाळेची कितीतरी मुले-मुली पिथमपूरच्या कारखान्यांत अभियंते आहेत. कोणी पुण्यात वाहनांच्या चाचण्या करते, कोणी अहमदाबादला वा मुंबईला डिझाइन शिकून आले आहे. ही मंडळी भेटली की म्हणतात, ‘सर, आम्ही इतके काम करतो, पण वर्तमानपत्रवाले ढुंकून पाहत नाहीत. माहिती पाठवली तर उत्तर येत नाही. आणि आलेच, तर जाहिरात विभागाचे येते.’ ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे दुसरे अंगही तपासून पाहिले पाहिजे. आपण त्या पत्रकाराच्या हाती नेमके काय ठेवतो?

मोटार हा विषय साहित्याच्या माणसाला अगदीच परका नाही, हे आधी सांगतो. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात सित्रोएन कंपनीच्या ‘डीएस’ या मोटारीवर स्वतंत्र लेख लिहिला. ही गाडी १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिच्या नावाची दोन अक्षरे फ्रेंचमध्ये सलग उच्चारली की ‘देवी’ असा शब्द ऐकू येतो. बार्थने मोटारींची तुलना गॉथिक शैलीतल्या मोठ्या चर्चवास्तूंशी केली, कारण दोन्ही अनाम कलावंतांच्या कृती आणि दोन्हींवर साऱ्या समाजाची दृष्टी खिळलेली. आता विचार करा. त्या गाडीची लांबी, रुंदी, इंजिनाची शक्ती ही माहिती प्रत्येक पत्रकाराकडे होती. बार्थ मात्र गाडीकडे पाहणाऱ्या माणसांकडे पाहत होता. माहितीची गोष्ट होते ती अशा ठिकाणी.

मित्रहो, मराठीत या बाबतीत दोन सुंदर शब्द आहेत, ‘घाट’ आणि ‘घडण’. आपल्या समीक्षेने ‘घाट’ हा शब्द कलाकृतीच्या रूपासाठी फार पूर्वीच उचलला. तांब्याचा घाट, दागिन्याचा घाट, कवितेचा घाट असे आपण सहज म्हणतो. घाट म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार. घडण म्हणजे तो आकार तसा का झाला, कोणी, कोणत्या अडचणीतून, कोणासाठी केला, याचा सारा इतिहास. ‘डिझाइन’ या शब्दात घाट आणि घडण दोन्ही सामावलेले आहेत. पण आपण पत्रकाराला पत्र लिहितो तेव्हा केवळ घाटाचे वर्णन करतो. ‘आकर्षक’, ‘अत्याधुनिक’, ‘डौलदार’ ही सारी घाटाची विशेषणे. घाट तर छायाचित्रातही दिसतो. त्यासाठी पत्रकाराने तुमच्याकडे कशाला यावे? त्याला हवी असते घडण, आणि ती तुमच्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.

याचे एक उदाहरण साध्या तांब्याचे आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्यामागे या अहवालाची प्रेरणा होती. भारतात जे पाहिले त्यांत सर्वांत सुंदर वाटलेली वस्तू म्हणून या दांपत्याने तांब्याचा, उत्तरेकडच्या लोट्याचा, उल्लेख केला. पण त्याच्या सौंदर्याचे गोडवे गात ते बसले नाहीत. त्यांनी प्रश्नांची एक माळच मांडली. त्यात पाणी किती मावावे? उचलणारा हात केवढा, स्त्रीचा की पुरुषाचा? तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कसा राहतो, रिकामा असताना कसा? ओतताना धार कशी पडते? हाताला तो कसा लागतो? मोडीत काढला तर त्याचे काय मोल येते? आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या असलेला तांब्या या प्रश्नांमुळे एकाएकी नवा वाटू लागतो. पत्रकाराला विषय सुचवण्याची कला मला या प्रश्नमाळेत दिसते. वस्तूची स्तुती केली की वाचक मान डोलावून पान उलटतो. प्रश्न विचारला की तो थांबतो.

आता आपल्या शहराचे उदाहरण घेऊ. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याविषयी आपण सारे अभिमानाने बोलतो. दुसरे यशवंतराव होळकर या तरुण राजाने एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून १९३० नंतरच्या काळात तो सजवून घेतला. त्या काळच्या युरोपातील नामवंत डिझाइनरांच्या वस्तू तेथे आल्या. याच यशवंतरावांसाठी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीवर इंग्लंडच्या गर्नी नटिंग या कारागीर संस्थेने खास सांगाडा चढवला. नारिंगी आणि काळ्या रंगाची ती मोटार आजही जगातील जाणकारांत प्रसिद्ध आहे. १९८० साली मोनॅको येथे माणिकबागेतील सामानाचा लिलाव झाला, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात यशवंतरावांच्या या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरले.

एवढे सांगून झाले म्हणजे आपण गोष्ट सांगितली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण यादी वाचून दाखवलेली असते. कोणत्याही पत्रकाराला ती ग्रंथालयात सापडेल. मग इंदूरच्या माणसाने त्याला काय सुचवावे? असे विचारावे की, युरोपच्या थंड हवेत कल्पिलेले ते घर माळव्याच्या वैशाखात कसे नांदले? त्या यंत्रयुगीन वस्तूंची डागडुजी येथे कोणी केली, आणि ती करताना स्थानिक सुतार-लोहारांच्या हाती कोणती नवी कसब आली? ज्या वास्तूत पुढे सरकारी कर-कार्यालय आले, त्या वास्तूत बसून काम करणाऱ्याला तिच्या घडणीचे काय जाणवते? या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात नाहीत. ती या शहराच्या जुन्या घरांत, जुन्या कागदांत, वृद्धांच्या बोलण्यात असतील तर असतील. आणि पत्रकार इंदूरला येण्याचे कष्ट घेईल तो त्यांच्यासाठी घेईल.

डिझाइन आणि मोटारी या दोहोंवर लिहिणारा पत्रकार असतो तरी कसा? अमेरिकेतील फिल पॅटन हे असे एक पत्रकार होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ते लिहीत, २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ गाडीवर त्यांनी २००२ साली एक अख्खे पुस्तक लिहिले. या गाडीचा विषयच मोठा विलक्षण आहे. तिचा जन्म १९३० नंतरच्या दशकात हिटलरच्या जर्मनीत झाला, आणि तीच गाडी १९६० नंतर अमेरिकेतल्या बंडखोर तरुणाईची लाडकी झाली. २००३ साली मेक्सिकोत शेवटची गाडी तयार होईपर्यंत अशा २ कोटी १० लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. घाट जवळजवळ तोच राहिला आणि अर्थ मात्र पार उलटला! असा पत्रकार मोटारीत माणसांचा इतिहास शोधतो. त्याच्याकडे ताशी वेगाचे आकडे घेऊन जाणे म्हणजे कवितेच्या समीक्षकाला पुस्तकाचे वजन सांगण्यासारखे आहे.

त्याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. त्याच्या टेबलावर रोज प्रसिद्धिपत्रकांचा ढीग पडतो. नव्या गाडीचे अनावरण असले की कंपन्या त्याला आपल्या खर्चाने दूरच्या गावी नेतात, उत्तम हॉटेलात उतरवतात आणि गाडी चालवायला देतात. हे या व्यवसायात सर्वश्रुत आहे. त्यामुळे प्रामाणिक पत्रकार नेहमी सावध असतो. ‘हा माणूस मला काही सांगायला आला आहे, की माझ्याकडून काही करवून घ्यायला?’ हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्या ओळीपासून असतो. आपल्या पत्राने त्याचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात दिले पाहिजे.

गोष्टीचे बळ कशात असते, हे दाखवणारी तीन उदाहरणे मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले १९९७ सालचे. मर्सिडीझ कंपनीने ‘ए-क्लास’ ही छोटी मोटार बाजारात आणली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या नियतकालिकातील रॉबर्ट कोलिन या पत्रकाराने तिची एक चाचणी घेतली. स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क नावाचा सांबरासारखा पण त्याहून थोराड प्राणी अचानक आडवा येतो. त्याला चुकवण्यासाठी चालकाने गाडी झटकन एका बाजूला आणि पुन्हा मूळ मार्गावर घेतली तर काय होते, एवढेच त्याला पाहायचे होते. गाडी उलटली. कंपनीने आधी ते फारसे मनावर घेतले नाही; पण लवकरच तिला पुरवठा थांबवावा लागला, चाकांवरची रचना सुधारावी लागली आणि गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व ए-क्लास गाड्यांत बसवावी लागली. या साऱ्याच्या मुळाशी तंत्रज्ञानाचा ग्रंथ नव्हता. ‘आमच्या रस्त्यावर जनावर आडवे आले तर?’ हा कोणत्याही स्वीडिश शेतकऱ्याला पडणारा प्रश्न होता. गावच्या रस्त्याचे ज्ञान हीच तेथे गोष्ट ठरली. आपल्याही रस्त्यांवर गाय बसलेली असते, बैलगाडीला मागचा दिवा नसतो, उसाची ट्रॉली भररात्री उभी असते. हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत काय?

दुसरे उदाहरण माहिती आणि गोष्ट यांतील अंतर दाखवते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून त्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजले. एका गाडीत ते कायदेशीर मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले, दुसरीत ५ ते २० पट. मे २०१४ मध्ये हा अहवाल जाहीर झाला. परंतु त्यात गाड्यांना नावे नव्हती. अ, ब, क अशी अक्षरे होती. जगातल्या एका मोठ्या फसवणुकीचा पुरावा उघड्यावर पडून होता, आणि सामान्य वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस दिली, तेव्हा जग जागे झाले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आज्ञावली गाडीतच बसवलेली होती. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती असल्याचे कंपनीला कबूल करावे लागले. संशोधकांचा दोष नाही. शास्त्राची भाषा संयमी असते आणि ती तशीच असावी. पण ज्याला दोन्ही भाषा कळतात, शास्त्राची आणि वाचकाची, अशा माणसाचे महत्त्व या प्रसंगातून ध्यानात येते. आपल्या शाळेतून अभियंता झालेला मराठी मुलगा तो माणूस होऊ शकतो.

तिसरे उदाहरण चिकाटीचे. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९५९ साली ‘द नेशन’ या अमेरिकन साप्ताहिकात मोटारींच्या असुरक्षित घडणीवर लेख लिहिला. त्याकडे फार कोणाचे लक्ष गेले नाही. १९६५ मध्ये त्याचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. अपघाताचा दोष केवळ चालकाचा असतो, या समजुतीवर त्याने बोट ठेवले. गाडीची घडण सदोष असेल तर सावध चालकही तिच्यात मरतो, हे त्याने दाखवले. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खाजगी हेर लावले. मार्च १९६६ मध्ये जेम्स रिजवे या पत्रकाराने ते प्रकरण ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये मांडले, आणि त्याच महिन्यात कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. पहिल्या लेखापासून कायद्यापर्यंत सात वर्षे गेली. एक पत्र पाठवून आठवड्यात उत्तर आले नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या तिन्ही प्रसंगांत वस्तूचे कौतुक कोठेही नाही. प्रत्येक ठिकाणी विचारलेले आहे की, ही वस्तू कोणासाठी घडवली आणि कोणाला विसरून घडवली? डिझाइनच्या पत्रकाराकडे नेण्याजोगा हा प्रश्न आहे. मोटारींच्या अपघातचाचणीत माणसाच्या जागी पुतळा बसवतात. कित्येक दशके तो मुख्यतः सरासरी पुरुषाच्या मापाचा होता. स्त्रीचा म्हणून जो वापरत, तो अगदी लहानखुऱ्या चणीचा, सुमारे ४९ किलो वजनाचा होता. सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पुढे आणला. आता आपल्या भगिनींनी विचारावे की, नऊवारी वा सहावारी नेसलेल्या, पाच फूट उंचीच्या बाईच्या अंगावर सीटबेल्टचा पट्टा नेमका कोठे येतो? पट्टा गळ्याला काचतो म्हणून तो काखेखालून घेणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. हा विषय कोणा पत्रकाराला सुचवायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

विषय सुचवताना धोका कोठे असतो, तेही सांगितले पाहिजे. रतन टाटा यांनी स्कूटरवर बसलेले, पावसात भिजणारे चौघांचे कुटुंब पाहिले आणि त्यांच्या मनात स्वस्त मोटारीची कल्पना आली, ही ‘नॅनो’ची कथा आपल्याला पाठ आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत गाडीचे अनावरण झाले. २००९ मध्ये ती बाजारात आली. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. एका चित्रात सारे सांगणारी अशी गोष्ट क्वचित सापडते. परंतु वृत्तपत्रांत आणि लोकांच्या तोंडी त्या चित्रातले कुटुंब मागे पडले आणि ‘जगातली सर्वांत स्वस्त गाडी’ हे शब्द उरले. ज्याच्यासाठी गाडी केली, त्यालाच ती दारात उभी करायला संकोच वाटू लागला. स्वस्त म्हणून तिची ओळख करून देणे ही चूक झाली, असे पुढे स्वतः रतन टाटाही म्हणाले. तेव्हा आपण जे विशेषण प्रथम वापरतो, ते जपून वापरावे. ते आपल्या हातून सुटले की परत येत नाही.

आता पत्र कसे लिहावे, याकडे वळतो. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते निबंधाच्या वहीत शेवटी एकच शेरा मारीत, ‘हे कोणासाठी लिहिले?’ पत्रकाराला पत्र लिहिताना हाच शेरा समोर ठेवावा. नमुन्यादाखल दोन पत्रे मी रचून आणली आहेत. पहिले असे:

‘आमच्या कारखान्याने अत्याधुनिक, आकर्षक आणि आरामदायी बसची निर्मिती केली आहे. आपल्या लोकप्रिय पत्रातून यास योग्य ती प्रसिद्धी मिळावी, ही नम्र विनंती. सोबत छायाचित्र जोडले आहे.’

यात नम्रता आहे, शुद्धलेखन आहे, पण वाचकासाठी काहीही नाही. दुसरे असे:

‘महोदय, शहरातल्या बसची पहिली पायरी किती उंच असावी, हे कोण ठरवते? शहरी बससाठी मजल्याची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा श्रेणींत ठरवलेली आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला या तिन्हींत केवढा फरक पडतो, ते आमच्या शहराच्या कोणत्याही थांब्यावर अर्धा तास उभे राहिल्यास दिसते. मी बसच्या सांगाड्याच्या विभागात काम करतो. मजला खाली आणताना इंजिन, चाके आणि खर्च यांचे काय होते, हे मी आपल्याला कारखान्याच्या परवानगीने दाखवू शकेन. माझे मत एका बाजूचे आहे. बस चालवणाऱ्या संस्थेचे मत वेगळे असेल, तेही आपण घ्यावे. आपण पूर्वी रेल्वेच्या डब्यांच्या दारांवर लिहिलेला लेख मी वाचला होता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.’

दुसऱ्या पत्रात काय काय आले, पाहा. पहिल्या ओळीत प्रश्न. मग पडताळून पाहता येईल असा आकडा. मग डोळ्यांनी पाहता येईल असे ठिकाण. लिहिणारा कोण आणि त्याचा संबंध काय, याचा उघड उल्लेख. विरुद्ध बाजू कोणती, तेही. आणि शेवटी, त्याच पत्रकाराला का लिहिले, याचे खरे कारण. हे सारे एका पानात बसते. एका पानात बसत नसेल, तर गोष्ट अजून आपल्यालाच उमगलेली नाही असे समजावे.

काही पथ्येही आहेत. एकच पत्र एका दिवशी दहा पत्रकारांना ‘खास आपल्यासाठी’ म्हणून पाठवू नये. ते एकमेकांना ओळखतात. भेटवस्तू देऊ नये. लेख छापण्यापूर्वी दाखवा, अशी मागणी करू नये. तांत्रिक आकडे तपासून देण्याची तयारी मात्र जरूर दाखवावी. नाव छापू नये अशी अट असेल, किंवा अमुक तारखेपूर्वी छापू नये असे असेल, तर ते बोलण्याच्या आधी ठरवून घ्यावे. बोलून झाल्यावर घातलेली अट पत्रकारावर बंधनकारक नसते. त्याने नकार दिला तर आभार मानावेत आणि पुढचा विषय अधिक नीट तयार करावा.

आणि सर्वांत कठीण पथ्य असे की, गोष्ट एकदा दिली की ती आपली राहत नाही. पत्रकार तिच्यात खोल गेला आणि त्याला आपल्याच कामातला दोष सापडला, तर तो दोष छापला जाईल. कन्यादानानंतर लेकीच्या संसारात रोज डोकावता येत नाही, तसेच हे आहे. ज्याला हे सोसत नाही, त्याने जाहिरातीची जागा विकत घ्यावी; तो मार्ग प्रामाणिक आहे.

येथे मी तरुण अभियंत्यांशी थोडे अधिक स्पष्ट बोलतो. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. छायाचित्रे वृत्तपत्रांतून घरोघर पोचली, आणि ‘या गाडीला किती तारे?’ असे ग्राहक दुकानात विचारू लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही श्रेणीपद्धती सुरू झाली. आपल्या पिथमपुरातही ११.३ किलोमीटर परिघाचा वेगवान चाचणीमार्ग २०२१ पासून उभा आहे. म्हणजे ज्या विषयांवर लेख व्हावेत, ते विषय आता आपल्या उंबरठ्याशी आले आहेत.

मात्र सुरक्षेचा दोष दिसला तर एकदम पत्रकाराकडे धावू नका. आधी आपल्या वरिष्ठांना लेखी कळवा. कागद जपून ठेवा. आपण केलेल्या नोकरीच्या करारात गोपनीयतेचे काय बंधन आहे, ते जाणत्या वकिलाकडून समजून घ्या. शत्रूचा सूड म्हणून दिलेली गोष्ट पत्रकाराला पहिल्या भेटीतच ओळखू येते. पण सारे मार्ग चोखाळूनही कोणी ऐकत नसेल आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल, तर गप्प राहण्यालाही काही किंमत असते, आणि ती दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. त्या क्षणी काय करायचे, हे मी कोणाला शिकवू शकत नाही. एवढेच सांगतो की, त्या वेळी साधी, स्पष्ट, अतिशयोक्ती न करणारी भाषा जवळ असेल तर तिचा फार आधार वाटतो. ती भाषा शाळेत शिकावी लागते.

शेवटचा मुद्दा आपल्या भाषेचा आणि आपल्या शहराचा. १९४७ साली येथे सुरू झालेल्या ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते यांची मातृभाषा मराठी; त्यांनी हिंदी पत्रकारितेची एक पिढी घडवली. त्यांचे स्नेही, चित्रकार विष्णु चिंचाळकर गुरुजी, टाकाऊ वस्तूंत, वाळक्या काटक्यांत आकार पाहायला या शहराला शिकवत राहिले. म्हणजे वस्तूकडे पाहण्याची दृष्टी आणि ती शब्दांत मांडण्याची रीत या दोन्हींचा वारसा या गावात आहे. आज मोटारीवर मराठीत लिहिले जाते तेव्हा अर्धे वाक्य इंग्रजी असते. मी शुद्धतेचा हट्टी नाही; क्लच, गिअर, ब्रेक हे शब्द आता आपलेच आहेत. परंतु गॅरेजमधला मिस्तरी ‘गाडी ओढते’, ‘चाक लपकते’, ‘इंजिन खोकते’ असे म्हणतो, ते शब्द घडणीचे आहेत. त्यांत वस्तूशी रोज झटणाऱ्या माणसाचे ज्ञान आहे. ते शब्द पत्रकारापर्यंत पोचवणे हेही विषय सुचवण्याइतकेच मोलाचे आहे. तुम्ही मराठीला, हिंदीला, इंग्रजीला, कोणत्याही पत्रकाराला लिहा. पण मिस्तरीचे म्हणणे त्याच्याच शब्दांत कळवा.

मित्रहो, आपल्या कामाची दखल घेतली जावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. ती पूर्ण होण्याचा मार्ग मात्र आपल्याऐवजी वाचकाचा विचार करण्यातून जातो. पुढच्या वर्षी आपण येथे जमू, तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी सुचवलेल्या विषयावरचा एखादा लेख या सभागृहात वाचून दाखवता यावा, अशी माझी इच्छा आहे. त्यात आपल्या शाळेचे नाव नसले तरी चालेल. एखाद्या बसची पायरी चार बोटे खाली आली, तर ते अधिक चांगले.